एका माहितीपटावरचे अभिप्राय

अंकुशनगरला आम्ही महिन्यातून दोनदा मिस्सासाठी जातो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातली ही वसाहत साखर कारखान्यामुळे उभी राहिली आणि अंकुशराव टोपे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या बांधतात आणि उन्हे तापू लागली की मुकादमाचा हिशेब फेडून किंवा न फेडता परत जातात. या वसाहतीत व आसपासच्या वस्त्यांवर आपली मोजकी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. चर्च नाही. एका तरुण शिक्षकाच्या घरी पुढच्या खोलीत टेबलावर पांढरे कापड अंथरून आम्ही वेदी मांडतो. मिस्सा संपली की तेच टेबल चहासाठी उपयोगी पडते.

गेल्या पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, त्याच खोलीच्या भिंतीवर चादर लावून आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट दाखविला गेला. ‘दाखविला गेला’ असे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण दाखविण्याचे श्रेय त्या शिक्षकाचे आहे. आम्ही केवळ या वेळी नाही म्हटले नाही. पूर्वी एकदा म्हटले होते. ते कसे, हे सांगण्यापूर्वी वाचकांना या माहितीपटाविषयी आणि त्यावर उठलेल्या अभिप्रायांविषयी थोडे सांगावयास हवे.

११ जुलै १९९७ च्या सकाळी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंड येथे आपल्या घरात गळफास घेतला. घोगरे हे डाव्या चळवळीचे गायक. पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचे गाणे आहे, आणि दोघांची ओळख तेव्हापासूनची. आयुष्यभर लाल झेंड्याची गाणी गायलेल्या या माणसाने मरताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. ती निळी पट्टी का, या एका प्रश्नापाशी पटवर्धन थांबले आणि चौदा वर्षे चित्रीकरण करीत राहिले. २०११ साली जो माहितीपट पूर्ण झाला, तो सुमारे तीन तास वीस मिनिटांचा आहे. त्यात रमाबाई नगर आहे, खैरलांजी आहे, मुंबईचा कचरा उचलणारे कामगार आहेत, ६ डिसेंबरच्या गर्दीने त्रासलेले शिवाजी पार्कचे रहिवासी आहेत, व्यासपीठे बदलणारे पुढारी आहेत. आणि सर्वांत अधिक आहे ते गाणे. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून चालत आलेली परंपरा चाळीत, मैदानात आणि स्वयंपाकघरात आजही कशी गायली जाते, ते यात दिसते.

जमाव गॅसचा टँकर पेटविणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांचे म्हणणे होते. माहितीपट हे म्हणणे आरडाओरडा न करता तपासतो. टँकर कोठे उभा होता आणि माणसे कोठे पडली, एवढेच विचारतो. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरविला होता. संबंधित उपनिरीक्षकास २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला.

पटवर्धनांना सरकारी नापसंती नवी नव्हती. ‘राम के नाम’ हा १९९२ चा माहितीपट दूरदर्शनवर येण्यास न्यायालयात जावे लागले आणि काही वर्षे वाट पाहावी लागली. अणुचाचण्यांवरील ‘जंग और अमन’ला सेन्सॉर मंडळाने इतक्या ठिकाणी कात्री सुचविली की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, २००३ मध्ये न्यायालयाने तो न कापता प्रमाणित करावयास सांगितले. १९९५ च्या आणखी एका माहितीपटासाठी दूरदर्शनशी चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २००६ मध्ये मिटला. त्याचे इंग्रजी नाव ‘फादर, सन अँड होली वॉर’. आपल्या त्रैक्याच्या शब्दांशी केलेला तो खेळ आम्हांस प्रथम खटकला होता. हेही एक प्रकारचे अभिप्राय देणेच, तेही केवळ नाव ऐकून.

‘जय भीम कॉम्रेड’च्या वाट्याला मात्र विचित्र अनुभव आला. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत तो उघड्यावर दाखविला गेला. पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, राज्याचाही. आणि त्याच सुमारास या माहितीपटात गाणाऱ्या पुण्याच्या कबीर कला मंचाच्या तरुणांमागे दहशतवादविरोधी पथक लागले होते. नक्षलवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनापुढे येऊन स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. गरोदर असलेल्या साठे यांना त्याच वर्षी उच्च न्यायालयाने जामीन दिला. माळी आणि इतरांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळण्यास २०१७ उजाडले. ऑगस्ट २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर लगेच, पुण्यात या माहितीपटाचा खेळ आणि मंचाची गाणी झाल्यावर विद्यार्थ्यांना मारहाण झाली. म्हणजे पडद्यावरच्या गाण्याला शासनाचा सन्मान मिळाला आणि गाणारे कोठडीत गेले. याला अभिप्राय म्हणावे की काय म्हणावे, ते आम्हांस कळत नाही.

आता सामान्य प्रेक्षकांचे अभिप्राय. शहरी सुशिक्षितांचा अभिप्राय बहुधा दोन शब्दांत येई : लांबलचक आणि एकांगी. लांबीविषयी आम्ही बोलणार नाही. पाम रविवारचे दुःखसहनाचे वाचन उभ्याने ऐकणाऱ्या समाजाला तो आक्षेप शोभत नाही. एकांगी म्हणाल, तर हा माहितीपट एका बाजूने उभा आहे हे खरेच आहे, आणि तो ते लपवीत नाही. आम्हांला त्यातील एक गोष्ट आवडली नाही, ती सांगून टाकतो. सुखवस्तू माणसांना रस्त्यात गाठून विचारलेले काही प्रश्न असे आहेत की उत्तर देणारा हास्यास्पदच दिसावा. ते जे बोलतात ते खोटे नव्हे. असे बोलणे आम्ही कानांनी ऐकले आहे. पण प्रेक्षक हसतो आणि हसला की सुटतो. त्याला वाटते, असे बोलणारे ते, आपण नव्हे.

डाव्यांनाही हा माहितीपट सोयीचा नाही. घोगरे यांना त्यांच्याच सांस्कृतिक संघटनेने दूर केले होते, हे तो झाकून ठेवीत नाही. वर्गाचा विचार करताना जातीकडे का पाहिले नाही, असा प्रश्न तो आपल्याच घरात विचारतो. आणि आंबेडकरी वाचक-कार्यकर्त्यांमधून आलेला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आमचे दुःख, आमचे गाणे आणि आमच्या पुढाऱ्यांचे अधःपतन या सर्वांची कथा सवर्ण घरातून आलेल्या दिग्दर्शकाने का सांगावी? कॅमेरा कोणाच्या हातात आहे? निळी पट्टी बांधणाऱ्या माणसाच्या मृत्यूचा अर्थ लाल चष्म्यातून का लावावा?

या आक्षेपाला सोपे उत्तर नाही. ‘दुसऱ्या कोणी केला नाही म्हणून त्यांनी केला’ हे उत्तर अपुरे आहे. आपण मराठवाड्यातील कॅथलिकांनी तरी हा आक्षेप थट्टेवारी नेऊ नये. घोगरगावापासून पुढे आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म कसा स्वीकारला, याचा लेखी वृत्तान्त बहुतेक फ्रान्समधून आलेल्या धर्मगुरूंच्या हातचा आहे. त्यांनी माया केली, दुष्काळात धान्य दिले, शाळा काढल्या. आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु त्या वृत्तान्तात आमच्या आजीचे म्हणणे काय होते ते सापडत नाही.

आम्ही ‘आमची आजी’ म्हणालो, तेव्हा पुढचेही सांगितले पाहिजे. ती महारवाड्यातली होती. आजोबांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या सख्ख्या भावाने १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली. एकाच भिंतीला लागून दोन घरे. इकडे क्रूस, तिकडे बुद्धाची तसबीर. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळू लागल्या, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. आमची वस्ती पेटली नाही. परंतु आठ-दहा रात्री दोन्ही घरांतील मुलेबाळे एकत्र शेतात झोपली. आजी जपमाळ म्हणत होती, हे आठवते. चुलत आजोबांनी तिला हळू म्हणावयास सांगितले, हेही आठवते.

सेमिनरीत गेल्यावर कोणी आमची जात विचारली नाही आणि आम्ही ती सांगितली नाही. ‘ख्रिस्तात आपण सर्व एक’ या शिकवणुकीवर आमचा विश्वास तेव्हाही होता, आजही आहे. पण तिच्याआड लपण्याची सोयही होती, आणि ती सोय आम्ही पुष्कळ वर्षे घेतली. जुलै १९९७ मध्ये रमाबाई नगराची बातमी आली तेव्हा आम्ही विशीत होतो. भोजनगृहात वर्तमानपत्र हातोहात फिरले. आम्ही ते वाचले, घडी केली आणि पुढच्या बंधूला दिले.

२०१३ साली आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील युवकांच्या शिबिरात एका मुलाने विचारले, “फादर, ‘जय भीम कॉम्रेड’ची सीडी मिळाली आहे. शनिवारी रात्री हॉलमध्ये दाखवू का?” आम्ही म्हणालो, चर्चच्या हॉलमध्ये राजकारण नको. तो म्हणाला, “राजकारण नाही फादर, गाणी आहेत.” मग आम्ही परवानगीचा मुद्दा काढला, पोलिसांचा काढला, गावातील शांततेचा काढला. सगळे ऐकून घेऊन त्याने विचारले, “तुम्ही पाहिलाय का?”

पाहिला नव्हता. पाहण्याची गरज नाही, असे आम्ही त्याला सांगितले.

त्यानंतर तो मुलगा मिस्साला येई, परंतु मागच्या दारापाशी उभा राही, आणि पुढे शिक्षणासाठी गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी एका रात्री आम्ही एकट्यानेच संगणकावर तो माहितीपट पाहिला. दोन वेळा उठून खिडकी लावली. आवाज बाहेर जाईल असे वाटले. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा राजा आधी दुसऱ्या कोणावर तरी संतापला होता. आम्हीही प्रथम पोलिसांवर संतापलो, मग पुढाऱ्यांवर. वर्तमानपत्राची घडी आठवली ती पहाटे.

तोच मुलगा आज अंकुशनगरला शिक्षक आहे. त्याच्याच घरात आम्ही मिस्सा करतो. पहिल्यांदा त्याच्या दारात उभे राहिलो तेव्हा त्याने “या फादर” म्हटले, त्याच्या पत्नीने पाणी दिले, जुने काही निघाले नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने पुन्हा तोच प्रश्न केला. फक्त या वेळी शेवटचा भाग आधी आला. “आता तरी पाहिलाय ना?”

पंचवीस-तीस माणसे जमली. दोनदा वीज गेली. मुले तासाभरात झोपली. कचरा उचलणाऱ्या कामगारांचे दृश्य आले तेव्हा ऊसतोडीला गेलेली एक बाई मोठ्याने म्हणाली, “यांना निदान महिन्याला पगार तरी आहे का, का उचलच?” उचल म्हणजे मुकादमाने हंगामाआधी दिलेली रक्कम, जी फिटता फिटत नाही. कोणी उत्तर दिले नाही. शिवाजी पार्कच्या लोकांची उत्तरे सुरू झाली, तेव्हा मुंबईचे प्रेक्षक हसतात असे आम्ही ऐकले होते. येथे कोणीही हसले नाही.

मध्यावर एक कुटुंब उठून गेले. बाहेर अंगणात त्या गृहस्थांनी आम्हांला गाठले. फार चिडले होते. “फादर, आपण ख्रिस्ती झालो ना? मग हे परत कशाला उकरता? ज्यांचं आहे त्यांनी पाहावं.” आम्ही काही बोलण्याच्या आत ते आवाज खाली आणून म्हणाले, “माझ्या पोराची व्हॅलिडिटी अडकलीय.”

परगावच्या वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती व मुसलमान आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी असे सुचविले. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. कागदावर हे एवढेच आहे. घराघरांत मात्र शाळेच्या दाखल्यावर एक आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक, असा दुहेरी संसार चालतो. नोंदवही आमच्या कपाटात असते. आम्ही तिच्याविषयी कोठे बोलत नाही आणि लोकही आम्हांला विचारीत नाहीत. त्या गृहस्थांना माहितीपट आवडला नाही असे नव्हे. भिंतीवर ‘जय भीम’ असे उमटत असताना आपण फादरांच्या शेजारी बसलो आहोत, हे कोणी पाहील, याची त्यांना धास्ती होती. त्यांच्या भावाचा मुलगा बौद्ध आहे आणि त्याच्या दाखल्याला काही अडचण आली नाही, असेही ते जाता जाता म्हणाले. एक भिंत, दोन घरे. आम्हांला वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. आम्ही त्यांना थांबविले नाही. थांबा असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे असे त्या क्षणी वाटले नाही.

खोलीत परतलो तो माहितीपट संपत आला होता. दिवा लावल्यावर शिक्षकाने विचारले, कोणाला काही बोलायचे आहे का. एक तरुण म्हणाला, यात आपण कोठे आहोत? खैरलांजी आहे, रमाबाई नगर आहे, ख्रिस्ती दलितांचा प्रश्न कोठे आहे? शिक्षक म्हणाला, तो आपण काढायचा. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. चहा आला.

सर्वांत शेवटी बोलले ते आमचे वृद्ध भजनी बाबा. वय ऐंशीच्या घरात. नाताळात ढोलकी त्यांच्याच हाती असते आणि मारियामातेच्या भजनाला त्यांच्यासारखा सूर आमच्या धर्मग्रामात कोणाचा नाही. ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “पिक्चर चांगलाय. पण गाणं मधीच तोडलंय. दोन ठिकाणी तोडलंय. शाहिरानं उचललं की पुरं होऊ द्यावं लागतं. ज्यानं तोडलं त्याला गाता येत नसंल.”

आम्ही विचारले, बाबा, तुम्हांला ही गाणी माहीत आहेत?

“बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मुंबईलाच गेलतो ना फादर. घाटकोपरला. सहा वर्षं तिथंच होतो. रात्री जलसा असायचा. मी कोरसला.”

गेली चार वर्षे आम्ही या माणसाच्या ढोलकीवर मिस्सा करीत आहोत. त्यांच्या पत्नीची अंत्यविधीची मिस्सा आम्हीच केली, त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा केला. ते मुंबईत काय करीत होते, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. तेथील कोणकोणती माणसे त्यांना ठाऊक होती, १९९७ च्या सकाळी त्यांपैकी कोणी त्या रस्त्यावर होते काय, हे त्या रात्रीही विचारण्याचा धीर झाला नाही. बाबांनीच ढोलकी मागितली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कारखान्याचे भोंगे बंद, बाहेर पाऊस. त्यांनी तोडलेले गाणे पहिल्यापासून उचलले आणि पुरे केले. शिक्षकाची पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. झोपलेल्या मुलांपैकी एक उठून बसले. खिडकी उघडी होती आणि ती लावावयास कोणी उठले नाही. आम्हीही नाही.

निघताना बाबांनी आमची चप्पल पुढे केली (कितीही सांगितले तरी ते ऐकत नाहीत) आणि म्हणाले, “फादर, पुढच्या महिन्यात मिस्सा झाली की हे एक म्हणू का? मिस्सा झाल्यावर. आत नाही.”

आम्ही विचार करून सांगतो म्हणालो. त्यानंतर तीन वेळा अंकुशनगरला जाऊन आलो. बाबा ढोलकी आणतात, मारियामातेचे भजन म्हणतात, मिस्सा संपल्यावर थोडा वेळ बसून राहतात. आमच्याकडे पाहत नाहीत. चहा पितात आणि ढोलकी पिशवीत घालतात. येत्या रविवारी पुन्हा जावयाचे आहे.